धरणावरची शर्यत

ऊन म्हणजे काय सांगू, त्या दिवशी सायकलची सीट हाताला चटका देत होती. दूध संघानं धरणावर शर्यत ठेवली होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. बक्षीस पेंडीची दहा पोती. तेवढ्यावर माझी शेवटची म्हैस पावसाळ्यापर्यंत तगली असती, म्हणून मी पन्नाशीत नाव दिलं.

पाण्यात मी पहिला होतो. काठ आला, पण अंग बाहेर निघेना. तीन वर्षं टँकरच्या तांब्याभर पाण्यात अंघोळ केलेली, आणि इथं गळ्याइतकं पाणी!

शेजारचा दगडू माझी सायकल धरून ओरडला, "निघ बे भाईर! म्हस इकायची हाय का?"

"निघतो, जरा थांब," म्हणत मी आणखी एक बुडी मारली. तेवढ्यात चौघं पुढं गेले. मग कितीही सायकल दामटली तरी ते सापडले नाहीत.

पुढच्या बाजारी म्हैस विकली. रिकामं दावं घेऊन परतताना मी म्हणालो, "दगडू, मला शिव्या दे."

त्यानं माझ्या हातातलं दावं घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "शिव्या कावून देऊ? त्या दिवशी आपण तिलाच न्यायला पायजे व्हतं. तीन वर्सं झाली, डुंबली न्हाई बिचारी."