शिवतो आणि उसवतो

"दर वेळी नवा वार सांगतो, चार फेऱ्या झाल्या, तरी तो शिंपी माझा कोट काही देत नाही!"

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या म्हातारीने कान टवकारले. गल्लीत शिंपी एकच, तिचा थोरला. सरसकट सगळ्यांना दरमहा सरकारी पैसे सुरू झाले आणि त्याने कपड्यांचा कारखाना सोडला. सोमवारी परत कामावर जा, नाहीतर वेगळा राहा, असं तिने त्याला आज सकाळीच बजावलं होतं.

पुढच्या बाकावरची बाई मैत्रिणीला सांगत होती, "बसल्या जागी पैसे मिळतात, मग कोण कशाला हात हलवतंय?"

"झोपा काढतो की काय?"

"छे गं! शिवतो आणि उसवतो. काल तयार झालेला कोट माझ्यादेखत उसवला."

"का म्हणे?"

"म्हणाला, तुमचा डावा खांदा जरा खाली आहे. कारखान्यात अकरा वर्षं नुसत्या कॉलरी शिवल्या, त्या कुणाच्या अंगावर कशा बसतात ते कधी दिसलंच नाही. आता नीट बसल्याशिवाय सोडणार नाही."

"मग दुसरीकडे टाक की."

"वेडी का काय? पन्नास वर्षांत माझा खांदा कुणाला दिसला होता? नवऱ्याला?"

तेवढ्यात थोरला तिचे रिपोर्ट घेऊन आला. म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी कडाडली, "कारखान्यात पुन्हा पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन! आणि या बाईंना चुकवलास तसा कुणाला दिलेला वार पुन्हा चुकवलास, तर कारागीर असशील लोकांचा, माझ्या लेखी लबाडच!"