नॉमिनीत आईचं नाव

स्वरूपा : आत्या, तुम्ही पलीकडच्या बाकावर बसा. समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही, वकील म्हणालेत.

ठमाबाई : पार्टी? अगं, सासू हाय मी तुजी.

स्वरूपा : कोर्टात तसंच लिहिलंय. माझा नवरा एमआयडीसीतनं घरी येताना रस्त्यात गेला, आणि महिन्यात विम्यावर तुमचा अर्ज.

ठमाबाई : माज्या धाकल्याची, माऊलीची, पॉलिशी लग्नाआधीची. नॉमिनीत माजं नाव. विजयसिंह म्हणला हितं अंगठा लाव, लावला. थोरल्या लेकाम्होरं माजं काय चालतंय?

स्वरूपा : मग मीही बायको म्हणून दावा लावला. लेकीला, संस्कृतीला, कोण आहे दुसरं?

ठमाबाई : दावा मागं घी. पैसं आलं की पोरीच्या नावावर टाकते.

स्वरूपा : विजयभाऊजी टाकू देतील?

ठमाबाई : ...न्हाय.

स्वरूपा : मग हक्क सोडा.

ठमाबाई : सोडून जाऊ कुठं? अंथुर्ण्यात त्याच्याच घरात भाकर खाते मी. सकाळीच म्हणला, साह्यबाम्होरं वाकडं बोललीस तर घरी येऊ नगं. तू नेशील मला?

स्वरूपा : मीच काटेवाडीत भावाच्या पडवीत. दादानंच वकील दिलाय. पैसे त्याला दुकानात घालायचेत. नाही म्हटलं तर मलाही दार बंद.

ठमाबाई : म्हंजी तुला बी मिळायचं न्हाईत.

स्वरूपा : नाही.

ठमाबाई : आन् पोरीला?

शिपाई : ठमाबाई वाघमोडे, स्वरूपा वाघमोडे! आत चला.

(सुनावणी संपल्यावर, कोर्टाच्या फाटकाबाहेर.)

स्वरूपा : आत्या, हे कधी ठरवलंत?

ठमाबाई : ठरवलं न्हाय गं. साह्यबानी इचारलं, आजी, तुमाला काय पायजे? वरीस झालं, कुणी इचारलंच नव्हतं. तोंडातनं निघालं, सगळं नातीच्या नावावर ठिवा. अठरा वर्साची होईस्तवर कुणालाच हात लावू दिऊ नगा.

स्वरूपा : मग मला विचारलं, कबूल आहे का? दादा मागून खुणावत होता. मी हो म्हणून बसले.

ठमाबाई : आता फिरत न्हाय ना?

स्वरूपा : नाही. तडजोडीचा हुकूम झालाय.

ठमाबाई : विजय गाडी काढून गेला. माज्याकडं बगितलं बी न्हाय.

स्वरूपा : दादाही गेला.

ठमाबाई : मंग आज ऱ्हायाचं कुठं?

स्वरूपा : माहीत नाही. एमआयडीसीत काम बघेन, खोली बघेन. पण आधी काटेवाडीला जायला लागेल. संस्कृती तिथंच आहे. वहिनी दारात काय काय बोलेल...

ठमाबाई : चल, मी येते. दोघींनी ऐकून घिऊ.