गाईजवळ बसवलेली लेक

माझं म्हणणं कुणी खरं धरलंच न्हाय. "बारामतीला कॉलेजात जाणारी आपली लेक फोनपायी वाया चालली," म्हणलं की नवरा म्हणायचा, "अगं, अभ्यास करती ती."

परवा गाय व्यायला टेकली. भेंडीचा टेम्पो थांबणार न्हवता, म्हणून लेकीला गाईजवळ बसवलं. "वासराचे पाय दिसले की डॉक्टरांना फोन लाव," म्हणलं आन् तोडणीला गेले.

परत आले तर वासरू निम्मं बाहेर, मेलेलं. लेक तितंच बादलीवर बसून व्हिडिओ बघतीय.

"अगं, फोन हातातच हाय ना तुझ्या?"

"आत्ताच बघितलं की, आई. काय न्हवतं."

मीच फोन लावला. डॉक्टर आले आन् म्हणाले, "तासभर आधी बोलवायचं होतं."

सासूबाई मात्र माझ्यावरच उसळल्या. "लेकराला काय कळतंय? टेकलेली गाय सोडून भेंडीला गेली कोण? तूच ना, कमल!"