बिनतिथीचा फेर

सखूबाई : अन् ते नगरपालिकेचं पत्र? त्याला उत्तर दिलंस का न्हाई?

राधाकिसन : अक्का, एवढ्या थंडीत, उजाडायच्या आत तू मला मैदानावर आणलंस, ते हे विचारायला?

सखूबाई : घरी इचारलं की तू पुस्तकात तोंड घालतो. इथं पुस्तक न्हाई. बोल.

राधाकिसन : नाही दिलं. महिना झाला, खिशातच आहे. लिहायला बसलो होतो, पण पहिल्याच प्रश्नाला हात थांबतो. ‘आपल्या घरात कोण कोणता खेळ खेळतं?’ काय लिहू? उभा जन्म वाचनालयात गेला माझा. चेंडू अंगावर आला तर मी बाजूला होतो.

सखूबाई : तुला एकट्याला इचारलंय का? घराला इचारलंय. घरात मी न्हाई का?

राधाकिसन : तू काय खेळतेस?

सखूबाई : थांब. तो बघ, धर्मराज मास्तर येऊन राह्यला.

धर्मराज : काका! आत्याबाई! तुम्ही आणि मैदानावर? आज सूर्य कुठून उगवणार आहे? जपून काका, रेघेवर पाय नको. ती खालच्या गल्लीची खेळपट्टी आहे.

राधाकिसन : अरे, पण जिकडे पाहावं तिकडे रेघाच आहेत. पाय ठेवू कुठे?

धर्मराज : तेच तर झालंय. नगरपालिका म्हणाली, पुढच्या पंचवीस वर्षांत या मैदानाचं काय करायचं ते लोकांनीच सांगावं. मी शाळेत खेळ शिकवणारा माणूस, मला वाटलं, कागदावर कोण सांगणार? जमिनीवरच आखा म्हटलं. चुन्याची फक्की दिली, प्रत्येक गल्लीला एक दिवस दिला. अट एकच घातली, दुसऱ्याची रेघ पुसायची नाही.

राधाकिसन : मग?

धर्मराज : मग काय! पुसली नाही कुणीच. वरून आखली. खेळपट्टीवर कबड्डी, कबड्डीत खो-खोचा खांब, खांबाभोवती पैलवानांचा हौदा. नवीन जालन्यातले बियाणे कंपनीवाले आले, त्यांनी बॅडमिंटन आखलं. रामकिसन शेटनं तर पत्त्यांचा कट्टा आखला. म्हटलं, शेट, पत्ते हा खेळ आहे का? म्हणे, बसून खेळतो म्हणून खेळ नाही का?

सखूबाई : अन् बायांचं कुठंय?

धर्मराज : कोणत्या बायांचं?

सखूबाई : ह्याच गावातल्या. अर्धं गाव.

धर्मराज : आत्याबाई, बायांची वेगळी गल्ली असते का? गल्ली आली म्हणजे बाया आल्याच की.

सखूबाई : आल्त्या का?

धर्मराज : ...नाही.

सखूबाई : सहा साल झाले मला मंठ्याकडून हितं येऊन. मालक गेले, भावाच्या, राधूच्या घरी आले. ओट्यावर बसलं की समोर हेच मैदान. रोज बघते. पाय आजच ठेवला.

धर्मराज : मग सांगा की, कुठला खेळ हवा? जागा करू. फक्कीचं पोतं आहे अजून.

सखूबाई : फेर.

धर्मराज : फेर? पंचमीचा? आत्याबाई, पंचमी श्रावणात झाली. आता कार्तिक लागलाय.

सखूबाई : तेच म्हणून राह्यले मी! तुमचं क्रिकेट पंचांग बघून असतंय का? पोट्ट्यांना वाटलं की खेळले. आमच्या मात्र प्रत्येक खेळाला तिथी. फेर धरायचा तर पंचमीला, झोक्यावर बसायचं तर पंचमीला. बाकी सालभर दोघी बायांनी हातात हात धरला, तर लोक इचारतेत, काय झालं, कोण गेलं?

राधाकिसन : हे... हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

सखूबाई : कुठून येईल? पुस्तकात असतं तर आलं असतं.

धर्मराज : आत्याबाई, तुमचं बराबर आहे. पण उशीर झाला. नऊ वाजता नगरपालिकेचे साहेब फोटो काढायला येताहेत. मैदानावर दिसेल ते आराखड्यात जाईल. आणि घरोघरच्या पत्रांवर टपालाचा शिक्का आजपर्यंतचाच चालतो, उद्याचा चालणार नाही.

सखूबाई : मंग म्या बराबर येळेला बोलावलं.

धर्मराज : कुणाला?

सखूबाई : काल टँकरच्या रांगेत सांगितल्तं. घागर भरेपर्यंत दुसरं काम काय असतंय? दहा-बारा जणी येतील. राधू, माझी शाल धर.

(मैदानाच्या तिन्ही बाजूंनी, धुक्यातून बाया येऊ लागतात. सखूबाई त्यांच्यात जाते.)

राधाकिसन : धर्मराज, दहा-बारा म्हणाली होती ना ती?

धर्मराज : काका, गल्ल्या अजून रिकाम्या होताहेत. ती बघा कांताबाई, गिरणीवाली, पिठाच्या हातानंच आली. त्या मॅटर्निटीच्या नर्सबाई. शिलाईवाल्या खाला पण आल्या, पार त्यांच्या मोहल्ल्यातून, सुनांना घेऊन.

राधाकिसन : त्यांना कसं कळलं?

धर्मराज : पाण्याची रांग एकच असते, काका. अन् ती निळ्या स्वेटरातली... अरे, ही तर माझी बायको! मला म्हणाली, पाठ दुखते, आज चहा तुम्हीच करून घ्या.

राधाकिसन : अक्का कुठे दिसत नाही.

धर्मराज : त्या काय. नर्सबाईंचा हात धरला त्यांनी. नर्सबाईंनी खालांचा धरला. चाललं बघा, पुढं, पुढं... पार त्या कोपऱ्यापर्यंत गेलं. आता दोन टोकं जुळतील.

राधाकिसन : जुळली.

धर्मराज : गाणं कोण म्हणतंय?

राधाकिसन : अक्का.

धर्मराज : हा आत्याबाईंचा आवाज?

राधाकिसन : एवढा मोठा आवाज ती घरात फक्त मला रागवायला काढते. सहा वर्षं एका छपराखाली राहतो आम्ही. ती गाते हे मला ठाऊक नव्हतं रे.

धर्मराज : काका, चपला काढा.

राधाकिसन : का?

धर्मराज : काढा तर खरं. लागतंय का पायाला?

राधाकिसन : लागतंय. जमीन वाजतेय.

धर्मराज : पंधरा ऑगस्टला मी अख्ख्या शाळेची कवायत घेतो, बूट घालून. असा ठेका कधी पायाला लागला नाही. अन् या अनवाणी.

राधाकिसन : हळू बोल.

धर्मराज : फक्की उडाली, काका! वर बघा, वर. ऊन आलं तिच्यात.

राधाकिसन : बाया कुठे गेल्या? मला काहीच दिसत नाही. चष्म्यावर आहे का काही?

धर्मराज : चष्मा ठीक आहे. मलाही दिसत नाही. नुसता पांढरा ढग आहे.

राधाकिसन : आणि ढग गातोय.

धर्मराज : काका, चपला अजून हातातच आहेत तुमच्या. पायांना थंडी वाजत नाही का?

राधाकिसन : नाही. मला ठेका ऐकू दे.

*

सखूबाई : राधू, शाल दे. काय बघून राह्यलास असा, भूत बघितल्यावानी?

राधाकिसन : अक्का, तुझे केस, भुवया... सगळी पांढरी झालीस तू.

सखूबाई : केस आधीच पांढरे होते. पाणी आण जरा. न्हाई, राहू दे. दम खाते. आई गं, गुडघे! पण काय सांगू, एकीचा पाय चुकला न्हाई. त्या नर्सबाई शिकल्या-सवरलेल्या, पण पायात फेर होता.

धर्मराज : आत्याबाई, मागं वळून बघा.

सखूबाई : काय झालं?

धर्मराज : रेघा गेल्या सगळ्या. खेळपट्टी, हौदा, शेटचा कट्टा, काही राहिलं नाही. नुसता गोल आहे. दोरी लावूनही मला एवढा गोल कधी आखता आला नाही.

सखूबाई : अगं माय! हे आम्ही केलं?

धर्मराज : पायांनी.

सखूबाई : तुझी अट मोडली न रे. आमच्या डोक्यातच न्हाई राह्यली.

धर्मराज : मोडलीच. अन् ते बघा, पोरं निघालीसुद्धा पोती घेऊन. नवाच्या आत परत आखतील.

सखूबाई : आखू द्यायचं का? तू थांबीव की त्यांना.

धर्मराज : कुठल्या तोंडानं? ज्याची रेघ पुसली गेली त्याला परत आखायचा हक्क आहे, हे त्या अटीतच आलं, अन् अट माझीच. साहेब येईपर्यंत हा गोल राहायचा नाही.

राधाकिसन : बायांना थांबवायला हवं होतं. त्या सगळ्या कुठे गेल्या?

सखूबाई : कुठं जातील? टँकर आला. पोरांचे डबे व्हायचे अजून.

राधाकिसन : म्हणजे नऊ वाजता इथे काहीच नसेल. जणू काही झालंच नाही.

धर्मराज : जमिनीवर नसेल. कागदावर असलं तर चालतं. आजचा शिक्का पाहिजे फक्त.

राधाकिसन : माझ्याकडे बघू नका दोघं. मी काय लिहिणार? ‘फेर’ असं लिहिलं, तर वाचणारा हसेल.

सखूबाई : हसू दे. तू बघितलंस का न्हाई?

राधाकिसन : बघितलं.

सखूबाई : मंग जे बघितलं ते लिही. का त्याला पण कोणाचा दाखला लागतो?

राधाकिसन : ...धर्मराज, जरा पाठ कर. कागदाला टेका हवा.

धर्मराज : घ्या. अन् काका, पाकिटाला तिकीट तर आधीच लावलंय!

राधाकिसन : तेवढं जमलं होतं. हलू नकोस.

सखूबाई : वय लिहू नको माझं.

राधाकिसन : विचारलेलं नाही.

सखूबाई : काय लिहिलं? मोठ्यानं वाच.

राधाकिसन : ‘आमच्या घरात सखूबाई फेर खेळतात. आज पहाटे त्या आणि गावातल्या बाया या मैदानावर खेळल्या, तेव्हा मी कडेला उभा होतो. जमीन माझ्या पायाखाली वाजली. उजाडण्याआधीची वेळ रोज बायांची असावी. पंचांग न बघता.’ एवढंच झालं. फार त्रोटक आहे का? थोडं सविस्तर...

सखूबाई : चिकटव पाकीट.

राधाकिसन : ‘वाजली’ बरोबर आहे का, ‘थरथरली’ हवं होतं...

धर्मराज : काका, वाजली. माझ्या पण पायाला लागलंय. चिकटवा. पेटी कोपऱ्यावरच आहे, टपालवाला यायची वेळ झाली.

राधाकिसन : तूच ठेव ना. साहेबांच्या हातात दे.

धर्मराज : बिलकुल नाही. उद्या गल्ली म्हणेल, धर्मराजनं काही घातलं, काही गाळलं. पेटीत टाका. तुमच्या हातानं.

सखूबाई : चल, मी येते.

*

सखूबाई : पडलं का आत?

राधाकिसन : पडलं. आता काढता येणार नाही.

सखूबाई : कामून काढायचं?

राधाकिसन : काही नाही. उगीच.

सखूबाई : मंग उद्या किती वाजता यायचं?

राधाकिसन : अक्का, आज पत्र गेलंय. ते वाचतील, बैठक होईल, मंजुरी...

सखूबाई : मंजुरीचं न्हाई इचारलं मी. वाजता इचारलं.

राधाकिसन : साडेपाचला. मी उठवतो तुला.