चार बोटं खाली

—तिथंच. चपला उंबऱ्याबाहेर काढल्यास न्हवं, मग तूही तिथंच थांब, आत यायचं काम न्हाय. आक्का घरात न्हाय. शनिवार हाय, मारुतीला तेल घालायला गेलीय. ती असती तर तुला पाट दिला असता, चहा टाकला असता, वर कपाळाला कुंकू लावून 'किती वाळलीस गं अक्षता' म्हणाली असती. मी आक्का न्हाय. मी तांदूळ निवडतीय, आणि मला बोलायला वेळ न्हाय — कशाला आलीस ते तू सांगूच नको, मला ठावं हाय. मौलाचाचा सकाळी दार उघडायच्या आत येऊन सांगून गेला. गल्लीच्या तोंडाला त्याचं सायकलचं दुकान, पेठेतली निम्मी बातमी त्याच्या हवेच्या पंपातनंच जाती. तू काल भिंतीला सायकल टेकवलीस आणि दुकानात गेलीस, टेम्पोवाल्यानं मागं घेताना चेपली. फ्रेम चिरली. लोखंडाची असती तर चाचानं डाग मारून जोडून दिली असती, कार्बनला कुठला डाग आणि कुठलं काय. उद्या सकाळी सहाला स्पर्धा. आधी कळंब्याच्या तलावात पोहायचं, मग गारगोटी रोडला सायकल, मग पळायचं — आणि मधलीच गेली तुझी. मग काय करणार, पाण्यातनं निघून ओल्या अंगानं चाळीस किलोमीटर चालत जाणार व्हय? तेव्हा आठवली तेजस्वी. तेजस्वीची सायकल वर्षभर चादरीखाली पडूनच हाय की, तेजस्वीला ती कशाला लागतीय आता.

बघ, हा हात बघ. असा वर घेतला की कानापर्यंत येतो, तिथं थांबतो. खांद्यात लोखंडाची पट्टी हाय, चार स्क्रू हायत. भाकरी थापायला चालतो, दळण आणायला चालतो, पाण्यात मात्र चालत न्हाय — एक हात मारला की दुसरा म्हणतो, आता तूच मार. म्हणजे मी गोल फिरणार. लहान पोरं टबात कागदाची होडी सोडतात तशी. तेव्हा तुझं बरोबर हाय, मला सायकलीचा काय उपयोग. पण म्हणून तुला देऊ? कुठल्या नात्यानं?

न्हाय, मान नको हलवू. मला सगळं आठवतंय. तुला वाटत असंल डोक्यावर पडली, विसरली असंल. तीन वर्षं, अक्षता. तीन वर्षं तू पहिली आणि मी दुसरी. पहिल्या वर्षी मला आनंद झालता, खोटं कशाला बोलू — आपल्या दोघींच्या गळ्यात माळ घालून उदयसिंह सरांनी बिंदू चौकात भजी खायला नेलंतं. दुसऱ्या वर्षी भजी कडू लागली. तिसऱ्या वर्षी मी गेलेच न्हाय. सर मला समजवायला लागले, म्हणे तेजू, स्पर्धा दुसऱ्याशी नसती, घड्याळाशी असती. मी म्हटलं, सर, घड्याळाला पाठ नसती. मला पाठ दिसती. पाण्यात कुणी दिसत न्हाय, तिथं आपण आणि आपला दम, मला पाण्यात कधी राग आला न्हाय. पण सायकलवर बसलं की पुढं तुझी पाठ. पळायला लागलं की पुढं तुझी वेणी, डावीकडनं उजवीकडं, उजवीकडनं डावीकडं. तीन वर्षं मी तुझी वेणी बघून पळाले. डोळे मिटले तरी दिसायची. तुला काय कळणार त्यातलं, तुझ्यापुढं कुणाची वेणी होती?

आणि आक्का बिचारी — आईचा जीव तो, तिला खेळातलं एवढंच कळायचं की खेळ तीन हायत. म्हणून तिनं उपास तीन धरले. पोहण्याचा सोमवार, सायकलीचा मंगळवार, पळण्याचा शुक्रवार. मी म्हणायची, आक्का, अगं मी पहाटे चार पोळ्या खाऊन जाते आणि तू माझ्या नावानं भगर खातीस, असं कसं चालंल? ती म्हणायची, तुझं अंग तू राख, तुझी वाट मी राखते. तुझं नाव पण घ्यायची त्यात. व्हय, तुझं. 'माझ्या दोन्ही पोरींना सांभाळ' म्हणायची. मला तेव्हा वाटायचं, आपल्या घरातली देवी, आपला दिवा, आपलं तेल, त्यात ही कशाला? आता मी स्पर्धेत न्हाय, तलावाकडं फिरकत न्हाय, तरी तिचे तिन्ही उपास चालूच. विचारलं तर म्हणती, मी कुठं तारीख घातलीय, व्हईल तेव्हा व्हईल. काय व्हईल ते सांगत न्हाय.

हसू नको. हसली न्हाईस? मग तोंड असं का केलंस.

कात्यायनीचा उतार. गेल्या साली. तू माझ्या मागं होतीस — व्हय, मागं, पहिल्यांदा मागं. पाण्यातनं मी तुझ्या आधी निघाले, सायकलवर तुला वीस-पंचवीस सायकलींचं अंतर दिलतं, आणि मला माझ्यापुढं कुणाचीच पाठ दिसत नव्हती, नुसता रस्ता. लई मोकळा दिसला गं तो रस्ता. मी ब्रेक लावलाच न्हाय. देवीच्या कमानीखालचं ते वळण, डाव्या अंगाला खडी सांडलेली, ट्रॅक्टरातनं सांडती तशी. चाक गेलं. मी रस्त्यावर पडले, कानात घुंई असा आवाज, आणि तेवढ्यात तू आलीस. मला तुझे लाल मोजे दिसले. थांबले न्हाईत. गेले. उताराला लागले आणि गेले. एवढंच शेवटचं बघितलं मी, दोन लाल मोजे, आणि मग डोळ्यापुढं अंधार. दवाखान्यात जाग आली ती लाल मोजे म्हणतच, आक्काला वाटलं मोजे हवेत मला, तिनं बाजारातनं आणून ठेवले.

काय म्हणालीस? मोठ्यानं बोल. पुटपुटू नको.

ठावं हाय मला ते. पुढं किलोमीटरभर स्वयंसेवकांची जीप उभी होती, तू तिथं गेलीस, त्यांना घेऊन उलटा चढ चढून परत आलीस, माझं डोकं मांडीवर घेतलंस, हेल्मेटचा पट्टा तूच सोडलास. मौलाचाचानं सांगितलं, सरांनी सांगितलं, आणि माझ्या वेणीत तुझी पिन निघाली ती आक्कानं सांगितली. मला घेऊन जीप चढाला लागल्यावर तू सायकलीवर बसलीस, आणि चौथी आलीस. मला आठव्या दिवशी कळलं समदं.

मग काय? कळलं म्हणून काय झालं? तू सहा वेळा आलीस दारात, मी मोजलंय. आक्का यायची आत, हळूच म्हणायची, अक्षता आलीय. मी म्हणायची, सांग झोपलीय. सहाव्या वेळी तर मी जेवत होते, तरी झोपलीय म्हणून सांगितलं, ताटातला हातही हलवला न्हाय, भांडं वाजंल म्हणून. आक्कानं माझ्यासाठी खोटं बोलायला सुरुवात केली त्या वर्षात, सोमवार-मंगळवार-शुक्रवार धरणाऱ्या बाईनं. ते पाप पण तुझ्याच खात्यात — न्हाय. तुझ्या न्हाय. जाऊ दे.

मला तुझा राग थांबली न्हाईस म्हणून न्हाय. पहिले आठ दिवस होता, मग तो गेला. राग हाय तो तू परत आलीस म्हणून. कळतंय का? तू तशीच गेली असतीस, पहिली आली असतीस, तर माझं सगळं सरळ होतं. तू वाईट, मी पडलेली, झालं. जन्मभर पुरलं असतं मला तेवढं. पण तू चौथी आलीस. मागितलं ते झालं की —

काय न्हाय. तांदळात खडे लई हायत या खेपेला.

काय मागितलं म्हणजे? कोण म्हटलं मागितलं? मी म्हटलं? मी काय बी म्हटलं न्हाय. असं बघू नको माझ्याकडं, तुझी ही सवयच वाईट, गप उभी राहायचं आणि बघायचं. तलावावर पण अशीच, आपण पन्नास गोष्टी बोलायच्या आणि हिनं टॉवेल खांद्यावर टाकून ऐकायचं, मग आपल्या तोंडातनं एक्कावन्नावी निघणारच.

ऐक मग. ऐक आणि जा. स्पर्धेच्या आधीचा मंगळवार. सराव करून येताना मी कात्यायनीच्या पायऱ्या चढले, सायकलीचे बूट हातात घेऊन. तू पुढं निघून गेलीस, तुला वाटलं मी पाणी प्यायला थांबली. आक्कानं मला लहानपणापासनं एकच सांगितलंय, मागताना आपल्यापुरतं मागावं, दुसऱ्याचं नाव घेऊन मागू नये. मला सरळ मागता आलं असतं की — मला पहिली येऊ दे. पण तीन वर्षं मागून झालतं ते. तेव्हा मी म्हटलं, आई, अक्षताला पहिली येऊ देऊ नको. येऊ दिलं न्हाईस तर हिरव्या खणाची ओटी भरीन. असं म्हटलं. तुझं नाव घेऊन. बूट हातात, केसातनं घाम गळतोय, आणि डोळे मिटून तुझं नाव. पाच दिवसांत तू चौथी आलीस, आणि मी तिच्याच दारात, तिच्याच कमानीखाली पडले. आता सांग, ही ओटी मी कुठल्या तोंडानं भरायची? भरली तर म्हणजे व्हय म्हणायचं — चांगलं केलंस, मनासारखं केलंस. न भरावी तर बोललेलं मोडलं. पत्र्याच्या पेटीत खण हाय, नारळ हाय. नारळ आता हलवला तर आत खुळखुळतो. वर्ष झालं, पाणी आटलं त्याचं. गेल्या श्रावणात आक्कानं पेटी आवरताना तो हातात घेतला, कानाशी धरून हलवला, माझ्याकडं बघितलं आणि होता तसा परत ठेवला. काही विचारलं न्हाय. रात्री जेवताना तेवढं म्हणाली, देवी कुणाला पाडत न्हाय पोरी, वळणावर खडी असती. मी म्हटलं, तू वरण वाढ.

रडतीस कशाला? तुझं काय गेलं? स्पर्धा गेली, पुढच्या वर्षी परत जिंकली असतीस — या वर्षी, म्हणजे उद्या. रडू नको, पेठेतल्या बायका खिडकीत येतील, म्हणतील तेजूनं मारलं. आणि असं समजू नको की मी तुझी माफी मागतीय. मी सांगितलं. माफी मागायला तांदूळ खाली ठेवावे लागतात.

आणि सायकल तुला चालणार पण न्हाय. विसरलीस? सरांनी पहिल्या साली सरावाला आपल्या दोघींत एकच सायकल दिलती, हीच. तू उतरलीस की मी सीट चार बोटं वर करायची, मी उतरले की तू चार बोटं खाली. रस्त्याच्या कडेला, पान्हा तोंडात धरून. तू नेलपॉलिशनं खूण करून ठेवलीस त्या दांड्यावर, सरांनी शिव्या घातल्या, म्हणे ही काय नवरीची सायकल हाय का. तर माझी सीट माझ्या मापाची. वर्षभर हलवलेली न्हाय, गंजून बसली असंल, आता चाचाच्या बापाला पण खाली करता यायची न्हाय. तुझे पाय लोंबकळतील. कात्यायनीच्या चढाला मधेच उतरशील आणि मला शिव्या देशील. म्हणून न्हाय म्हणतीय. दुसरं काय न्हाय. तेव्हा जा, दुसरीकडं बघ, वेळ हाय अजून, चार वाजलेत—

कुठं चाललीस? आत नको म्हटलं न्हवं. अगं — हात लावू नको त्या चादरीला. अक्षता. आक्कानं खंडेनवमीला हळदकुंकू लावलंय, झेंडूची माळ हाय अजून, विस्कटंल. चादर ठेव म्हणते ना खाली.

...

काय बघतीस? सीट हाय, सीटसारखी सीट. खालीच हाय. असंल. चाचानं केली असंल सकाळी, त्याला काय उद्योग... चाचा उंबऱ्याबाहेरनंच गेला, बरं. मग आक्कानं. आक्काला पान्हा धरता येत न्हाय, ठावं हाय मला, तू नको सांगू. हाताला ऑईल लागलंय ते तांदळाचं न्हाय, व्हय. धुतलं तरी जात न्हाय ते. ने आता. ने ती आणि हल इथनं.

हवा भरलीय, पुढच्या चाकात जरा कमी ठेवलीय, तुला तशी लागती. मागचा ब्रेक नवीन हाय, एकदम आवळू नको. माळ काढून दे इकडं. आणि उद्या मी कात्यायनीला येणार हाय — तुला बघायला न्हाय, डोक्यात घेऊ नको. माझं काम हाय देवीपाशी, नवीन नारळ आणायचाय, तो जुना चालायचा न्हाय. आक्काला घेऊन येणार. तू वरनं उतरशील तेव्हा मी कमानीत असेन, पण मी हाक मारणार न्हाय आणि तू माझ्याकडं बघायचं न्हाय. त्या वळणावर डाव्या अंगाला खडी असती. रस्त्याकडं बघायचं.

जा. पहाटे चारला उठायचंय तुला. दार ओढून घे जाताना.