दाढ कोरताना कुठलं गाणं?

मुलांनो, अशी कल्पना करा, की आपण दातांच्या दवाखान्यात बसलो आहोत. इथले डॉक्टर दाढ कोरताना पेशंटच्या आवडीचं गाणं लावतात. शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात नंबराची वाट बघत आहेत.

"आता ठरव बाई एकदाचं, कुठलं लावायचं ते."

"माझं नको. मागच्या वेळी माझं सगळ्यात आवडतं लावलं. आता ते ऐकलं की दाढ ठणकते."

"त्या नव्या गाण्यांत दमच नसतो. आमची बघ, अजून टिकून आहेत."

"सगळी?"

"सगळी."

"मग पाच म्हणून दाखवा."

"एक ते नावेचं. दुसरं... डोकं खाऊ नकोस. बाकीची विसरलो."

"म्हणजे नाही टिकली."

"अगं, नावेचं टिकलं ना? तुझ्या आजीच्या आजारपणात रोज तिच्या उशाशी म्हणायचो. तरी अजून गोडच लागतं."

"मग मला तेच द्या."

"ते नको गं. उद्या तेही ठणकायला लागलं तर?"

"आजोबा, टिकतं असं तुम्हीच म्हणालात."

तेवढ्यात तिचा नंबर आला. आत जाऊन तिने डॉक्टरांना नावेचं गाणं लावायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने मशीनच्या घरघरीतून आ वासलेल्या तोंडाने तिने गाण्याला दिलेली साथ बाहेर ऐकू येऊ लागली.