चपलांपाशी कोण बसणार

संतोष : आई, नीट आठव. याच पायरीवर काढल्या होत्यास ना चपला?

चंद्रभागा : मग काय, चुलीपाशी काढल्या? हितंच, जोडीनं लावल्या व्हत्या.

संतोष : मघाशी झाडूवाला गाडी घेऊन गेला. कुणी टाकून दिल्यात समजून उचलल्या असणार. सांगितलं होतं तुला, इथं चर्चमध्ये घालूनच जातात.

चंद्रभागा : जाऊ दे त्यांना. मी देवाच्या दारात पायताण घालून शिरले असते, तर घास उतरला नसता मला.

संतोष : बरं, टॅक्सी करतो. घरी चल.

चंद्रभागा : अन् ऱ्हायलेली देवळं?

संतोष : उद्या बघू. या गार फरशीवरून अनवाणी फिरणार का तू?

चंद्रभागा : श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करते मी, दर साली. ह्ये तर घासूनपुसून बसवलेले दगड. उद्या नाय. ही पोरगी माणसांना गाव दाखवती, तवा कशी वागती, त्येच बघायला आले मी प्रागला. तुझा बाप म्हणतो, परदेशी सून नको. मी म्हनलं, आधी बघून येते, मग बोला. पोहे खाऊन पोरगी कळत नसती.

संतोष : हाना विचारतेय, काय झालं म्हणून. सांगू?

चंद्रभागा : नको. तिची माणसं खोळंबतील. चल पुढं.

संतोष : दिसले तिला तुझे पाय. थांब, पिशवीतून बूट काढतेय. पावसासाठी ठेवते ती जास्तीचे.

चंद्रभागा : आण. ...बसले की! पाय दणकट हाय पोरीचा. मळ्यात टिकंल.

(पुढच्या चर्चच्या दारात.)

संतोष : आता हेही काढतेस? तिचे आहेत ते! हेही गेले म्हणजे?

चंद्रभागा : काळारामाला गेलो की आपल्यातलं एक चपलांपाशी बसतंच ना? तुझ्या आत्याचा निम्मा जन्म त्यात गेला. बस तू.

संतोष : मी बसलो तर आतलं सगळं मराठीत कोण सांगेल तुला?

चंद्रभागा : अरे, ती काय करती बघ. बूट उचलले तिनं! तू सांगितलंस व्हय?

संतोष : नाही गं, शब्दानं नाही. ती दारातच थांबतेय. तिथूनच सांगते म्हणतेय सगळ्यांना, जरा मोठ्यानं.

चंद्रभागा : एका हातात बूट, एका हातात छत्री. लाज नाय वाटली तिला लोकांची.

(फेरी संपल्यावर, शेवटच्या चर्चसमोर.)

संतोष : आई, आता एकच राहिलं, ते समोरचं. बाकीचे लोक गेले. तिची आजी रोज यायची इथं. आमचं लग्न नाशकात झाल्यावर एकदा इथंही आशीर्वाद घ्यावा, असं तिच्या मनात आहे. तुला विचारायला घाबरतेय.

चंद्रभागा : घाबरायचं काय त्यात? जा, तुमी दोघं आधी जाऊन या.

संतोष : आणि तू? सगळी करणार होतीस ना?

चंद्रभागा : करणारच. तुमी आलात की जाईन.

संतोष : पण नानांना काय सांगायचं? त्यांना परदेशी सून नकोय ना?

चंद्रभागा : त्यांचं मी बघते. अरे, तीपण बुटाच्या नाड्या सोडाया लागली बघ. ठेव म्हणावं हितं माझ्यापाशी. घरचं माणूस बसलंय राखायला.